मेव्हनमधली प्रॉपर्टी: एक आकडा, एक जागा



आजचा विषय आहे मेव्हनमधल्या प्रॉपर्टीज. मी नोएडात राहतो, आणि इथे प्रॉपर्टी म्हटलं की समोरचा माणूस आधी सेक्टर विचारतो, मग भाव. आपल्याला त्या प्रॉपर्टीशी कर्तव्य नाही. नोएडा-गुरुग्रामच्या काचेच्या इमारतींमध्ये, तसंच हिंजवडीत, बेंगळुरूत, हैदराबादेत जावाचे प्रकल्प रोज बिल्ड होतात. त्यांच्या पॉम फाइलमध्ये ज्या प्रॉपर्टीज लिहिलेल्या असतात, त्यांच्याबद्दल आज बोलू.

माझं आयुष्य सैन्यात गेलं. निवृत्तीनंतर या क्षेत्रातल्या तरुण मंडळींबरोबर बसायला लागलो, तेव्हा तीन प्रश्न लगेच ओळखीचे वाटले. हुकूम कुठे लिहिला आहे? कोणाचा हुकूम कोणावर चालतो? आणि कोणती गोष्ट कागदावर लिहायचीच नाही? पलटणीत हे प्रश्न रोजचे असतात. मेव्हनमध्येही तेच आहेत.

जे नवे आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मेव्हन हे जावाचा प्रकल्प बिल्ड करण्याचं साधन आहे. कोड कंपाइल करणं, चाचण्या चालवणं, जार फाइल तयार करणं आणि इतरांनी लिहिलेल्या लायब्ररी रिपॉझिटरीतून आणणं, ही त्याची कामं. हे सगळं कसं करायचं ते पॉम फाइलमध्ये लिहिलेलं असतं. त्या फाइलमध्ये वरच्या बाजूला प्रॉपर्टीजचा एक भाग करता येतो. तिथे एक नाव आणि त्याचं मूल्य लिहायचं. खाली जिथे ते मूल्य हवं तिथे डॉलरचं चिन्ह, महिरपी कंस आणि कंसात ते नाव. बिल्डच्या वेळी मेव्हन नावाच्या जागी मूल्य घालतो. बस, एवढंच यंत्र आहे.

एवढ्याशा गोष्टीवर अख्खा भाग कशाला, असं वाटेल. त्यासाठी डिसेंबर २०२१ आठवा.

लॉग फोर जे ही अपाची संस्थेची लायब्ररी. प्रोग्राममध्ये काय घडलं याची नोंद ठेवणं हे तिचं काम, म्हणजे आमच्या गार्डरूममधलं रजिस्टरच. त्या रजिस्टरातच भयंकर दोष निघाला. नोंदवायच्या मजकुरात कोणी ठरावीक पद्धतीने बाहेरच्या सर्व्हरचा पत्ता घातला, तर ही लायब्ररी तो नुसता लिहून घेत नसे. ती त्या पत्त्यावर जाई, आणि तिथून आलेला कोड आपल्या सर्व्हरवर चालू शके. या दोषाला लॉग फोर शेल म्हणतात. धोक्याच्या मोजपट्टीवर त्याला १० पैकी १० गुण मिळाले. इथे दिल्लीत सर्ट-इनचं, म्हणजे देशात सायबर घटना हाताळणाऱ्या सरकारी संस्थेचं, कार्यालय आहे. त्यांनीही धोक्याची सूचना काढली. खात्रीचा उपाय होता: आवृत्ती बदला.

पण एकदा बदलून भागलं नाही. आधी २.१५.० आली. तिच्यात उणीव निघाली म्हणून २.१६.०, मग २.१७.०, आणि वर्ष संपायच्या आत २.१७.१. तीन आठवड्यांच्या आत चार आवृत्त्या.

आता दोन प्रकल्प डोळ्यांसमोर आणा. दोन्हींत तीस-तीस मोड्यूल आहेत. पहिल्यात लॉग फोर जेची आवृत्ती मूळ पॉममध्ये एका प्रॉपर्टीत लिहिली आहे. दुसऱ्यात ज्याला जिथे गरज पडली त्याने तिथे आकडा टाकला आहे. पहिल्या प्रकल्पात चार वेळा एकेक ओळ बदलली, चाचण्या चालवल्या, काम झालं. दुसऱ्यात प्रत्येक वेळी तीस फाइली उघडायच्या, आणि शेवटी एखादी राहिली तर नाही ना, ही धाकधूक वेगळी. एका आकड्याला एकच जागा असावी, हा आजचा पहिला नियम तिथून येतो.

दुसरा नियमही त्याच घटनेतून येतो आणि तो जास्त महत्त्वाचा आहे. अनेक जावा प्रकल्प स्प्रिंग बूटवर उभे असतात. स्प्रिंग बूट स्वतः नोंदींसाठी मुळात लॉगबॅक वापरतं, त्यामुळे ज्यांनी मुद्दाम लॉग फोर जे निवडलं होतं त्यांच्यापुढे हा प्रश्न होता. त्यांना सोपा उपाय मिळाला: आपल्या पॉममध्ये लॉग फोर जे टू डॉट व्हर्जन नावाची प्रॉपर्टी लिहा आणि नवा आकडा द्या. ज्यांच्या पॉमने स्प्रिंग बूटच्या पॉमला पालक मानलं होतं, त्यांचं काम एका ओळीत झालं.

पण काही प्रकल्पांनी पालक मानलेला नसतो. ते स्प्रिंग बूटची आवृत्त्यांची यादी फक्त आयात करतात. तिथे तीच ओळ लिहिली, तर काहीही होत नाही! पालकाकडून वारसा येतो, आणि वारशात आलेल्या नावाला तुम्ही नवं मूल्य देऊ शकता. आयात केलेली यादी मात्र स्वतःचे आकडे भरूनच तुमच्याकडे येते. तुमची प्रॉपर्टी तिच्यापर्यंत पोचत नाही. तिथे आपल्या डिपेन्डन्सी मॅनेजमेंटच्या भागात ती लायब्ररी नव्या आवृत्तीसह स्वतः लिहावी लागते.

याचा धोका लक्षात घ्या. ओळ लिहिली, बिल्ड हिरवं झालं, एकही चूक दाखवली नाही, आणि जुनी सदोष लायब्ररी जागच्या जागी. म्हणून दुसरा नियम असा: हुकूम दिला म्हणजे तो अमलात आला असं धरू नका, जाऊन बघा. मेव्हनमध्ये बघायचं साधन आहे डिपेन्डन्सी ट्री ही आज्ञा. प्रत्यक्षात कोणती आवृत्ती आली ते ती दाखवते.

आता अधिकाराची उतरंड. सैन्यात वरच्या मुख्यालयाचा हुकूम खालच्यावर चालतो. मेव्हनमध्ये उलटी गंगा आहे. सगळ्यात वरच्या पालक पॉममधलं मूल्य सगळ्यात दुबळं. त्याच्यावर तुमच्या प्रकल्पाच्या पॉममधलं. त्याच्यावर त्या पॉममधल्या चालू प्रोफाइलमधलं. त्याच्यावर तुमच्या संगणकावरच्या सेटिंग्ज फाइलीतल्या चालू प्रोफाइलमधलं. आणि सगळ्यांवर भारी म्हणजे आज्ञा देताना मायनस डी लावून दिलेलं मूल्य. जो कामाच्या सगळ्यात जवळ, त्याचा शब्द शेवटचा.

ही सोय आहे आणि सापळाही आहे. एकाच्या लॅपटॉपवर बिल्ड होतं आणि दुसऱ्याच्या होत नाही, अशी तक्रार आली की मी आधी विचारतो, सेटिंग्ज फाइलीत काय आहे? हेल्प इफेक्टिव्ह पॉम ही आज्ञा चालवली की सगळे वारसे आणि प्रोफाइल जमेस धरून मेव्हनला शेवटी काय दिसतं ते पूर्ण छापून येतं. जमिनीचा व्यवहार करण्याआधी आपण सातबारा काढतो ना, तसा हा बिल्डचा सातबारा.

इतर साधनांत ही उतरंड वेगळी आहे, तेवढं ध्यानात ठेवा. जुन्या अँटमध्ये एकदा ठरलेली प्रॉपर्टी बदलत नाही. जो पहिल्यांदा बोलला तो जिंकला. ग्रेडलमध्ये तुमच्या होम डिरेक्टरीतली ग्रेडल प्रॉपर्टीज फाइल प्रकल्पातल्या फाइलीवर मात करते. साधन बदललं की आधी हे विचारून घ्यावं.

तिसरा प्रश्न राहिला: काय कुठे लिहायचं? पलटणीत स्थायी आदेश फलकावर लागतात, सगळ्यांनी वाचावेत म्हणून. रात्रीचा परवलीचा शब्द फलकावर लागत नाही. तो रोज बदलतो आणि ज्याला हवा त्यालाच सांगितला जातो.

पॉम हा फलक आहे. तो कोडबरोबर गिटमध्ये जातो आणि सगळे वाचतात. तिथे लायब्ररीच्या आवृत्त्या, जावाची आवृत्ती, फाइलींचं एन्कोडिंग या गोष्टी शोभतात. पासवर्ड, टोकन, रिपॉझिटरीची किल्ली हे परवलीचे शब्द. त्यांची जागा होम डिरेक्टरीतली सेटिंग्ज फाइल किंवा बिल्ड सर्व्हरची गुपितं ठेवायची सोय. मेव्हन ३ मध्ये सेटिंग्ज फाइलीतला पासवर्ड एन्क्रिप्ट करता येतो. मात्र तो उघडायची किल्लीही त्याच संगणकावर दुसऱ्या फाइलीत असते. म्हणजे कुलूप आहे, पण किल्ली उंबऱ्यावरच्या कुंडीखाली. जाता-येता डोकावणाऱ्यापासून संरक्षण मिळतं, त्याहून जास्त नाही. आणि पासवर्ड चुकून गिटमध्ये गेलाच, तर ओळ पुसून उपयोग नाही, तो इतिहासात राहतो. पासवर्डच बदलावा लागतो.

तिसरा प्रकार म्हणजे डेटाबेसचा पत्ता, पोर्ट अशा गोष्टी, ज्या चाचणीच्या सर्व्हरवर वेगळ्या आणि खऱ्या सर्व्हरवर वेगळ्या असतात. पुष्कळ जण प्रत्येकासाठी एक प्रोफाइल करतात आणि मूल्य थेट जारमध्ये घालतात. मग चाचणी होते एका जारची आणि खऱ्या सर्व्हरवर जाते दुसरी. ज्या बंदुकीचं झिरोइंग केलं तीच मोर्चावर न्यावी, हे मी तरुणांना नेहमी सांगतो. जार एकच बांधा आणि ही मूल्यं चालवताना बाहेरून द्या.

आता तीन खड्डे दाखवतो, म्हणजे तुमचा पाय पडणार नाही.

पहिला खड्डा: पॉममध्ये एखादी प्रोफाइल आपोआप चालू राहील असं लिहिलेलं असतं. त्याच पॉममधली दुसरी कोणतीही प्रोफाइल चालू झाली की ही गुपचूप बंद होते, आणि तिच्यातल्या प्रॉपर्टीजही तिच्याबरोबर जातात. शंका आली की हेल्प ॲक्टिव्ह प्रोफाइल्स ही आज्ञा चालवा.

दुसरा: रिसोर्स फाइलींमध्ये मूल्यं भरण्याची सोय, म्हणजे फिल्टरिंग. ती सगळ्या फोल्डरला लावली, तर प्रमाणपत्रांच्या कीस्टोअर फाइलीही त्यातून जातात आणि बिघडतात. मजकुराच्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. शिवाय प्रॉपर्टीच्या नावात एक अक्षर चुकलं, तर इथे मेव्हन ओरडत नाही. डॉलर आणि कंस तसेच राहतात आणि प्रोग्राम सुरू करताना घोटाळा कळतो.

तिसरा: प्रॉपर्टीज बाहेरच्या फाइलीतून वाचणारा प्लगइन. तो बिल्ड सुरू झाल्यावर वाचतो. तोवर मेव्हनने पॉम वाचून लायब्ररींच्या आवृत्त्या ठरवलेल्या असतात. म्हणून त्या फाइलीत लायब्ररीची आवृत्ती लिहून चालत नाही.

शेवटी एक गोष्ट. लॉग फोर शेलमध्ये हल्लेखोर जो मजकूर पाठवत, त्यातही डॉलर आणि महिरपी कंसच होते. नावाच्या जागी मूल्य घालण्याची कल्पना तिथेही होती. फरक इतकाच की पॉममधला मजकूर आपण लिहिलेला असतो, आणि तिथे परक्याने पाठवलेला मजकूर उघडून बघितला जात होता. गेटवर आलेल्या अनोळखी माणसाने चिठ्ठी दिली तर संत्री ती नोंदवतो, तिच्यातला हुकूम पाळत नाही.

एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इनने निर्देश काढले की सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची. त्या सहा तासांत कोणीतरी तुम्हाला विचारणारच: आपल्याकडे ही लायब्ररी आहे का, कोणत्या आवृत्तीची? उत्तर एका ओळीत असलं पाहिजे. म्हणून या आठवड्यात एवढं करा. पॉममध्ये विखुरलेले आकडे एका जागी आणा, गुपितं बाहेर काढा, इफेक्टिव्ह पॉम एकदा छापून डोळ्यांखालून घाला. शांततेच्या काळात गाळलेला घाम लढाईत रक्त वाचवतो, हे आम्हाला भरतीच्या पहिल्या महिन्यात शिकवतात. इथे रक्त सांडत नाही, पण डिसेंबरच्या त्या रात्री ज्यांनी जागून काढल्या, त्यांना विचारा.

जय हिंद.