गुरुजींचा तळहातावरचा संगणक



या व्याख्यानमालेत आजवर इतिहास, संतवाङ्मय, गणित आणि संगीत या विषयांवर अधिकारी वक्ते बोलून गेले आहेत. त्या मानाने माझा विषय अगदीच किरकोळ वाटेल. पण ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्या गुरुजींच्याच एका वस्तूची ही हकीकत आहे. तिला गणिताच्या तासाइतकीच काटेकोर शिस्त लागली, हे सांगितले तर विषयांतराचा आरोप माझ्यावर येणार नाही, अशी आशा आहे.

ही वस्तू म्हणजे टेबलावर ठेवलेला हा छोटा संगणक. तोशिबा कंपनीचा लिब्रेटो. या मालिकेतील पहिला संगणक, लिब्रेटो २०, जपानमध्ये १९९६ च्या एप्रिलमध्ये निघाला. वजन अवघे ८४० ग्रॅम, आणि त्यात पूर्ण विंडोज ९५ चाले. आपल्यासमोर आहे तो त्यानंतरचा ५० सीटी. लांबी २१ सेंटिमीटर, रुंदी साडेअकरा, म्हणजे व्हिडिओ कॅसेटपेक्षा थोडा मोठा. पडदा ६.१ इंचांचा, प्रोसेसर ७५ मेगाहर्ट्झचा पेंटियम, स्मृती १६ एमबी आणि हार्ड डिस्क सुमारे ८०० एमबी. माउसऐवजी पडद्याच्या उजव्या कडेला एक बारीक कळ आहे. तिच्यावर अंगठा ठेवायचा आणि झाकणाच्या मागच्या बाजूची बटणे बोटांनी दाबायची. गुरुजींना ही रचना फार आवडे. खडू धरल्यासारखे वाटते, असे ते म्हणत.

त्यांच्या चिरंजीवांनी तो अमेरिकेहून १९९७ साली आणला. निवृत्तीनंतर गुरुजींनी त्यावर आपल्या अध्यापनाच्या आठवणी लिहिल्या. पुढे यंत्र कपाटात गेले, गुरुजीही गेले. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या सूनबाईंनी ते माझ्या हाती दिले आणि म्हणाल्या, "चालू झाला तर पाहा, नाही तर निदान आतले लिखाण तरी काढा." छापील प्रत कोठेच नव्हती.

अशा वेळी पहिला मोह होतो तो कळ दाबण्याचा. तो मी आवरला. वीस वर्षे पडून राहिलेली डिस्क कदाचित एकदाच फिरेल, आणि ते एकदाचे फिरणे विंडोज सुरू होण्यात खर्ची घालणे परवडणारे नव्हते. म्हणून डिस्क बाहेर काढली, दुसऱ्या संगणकाला जोडली आणि तिच्यावर एक अक्षरही लिहिले जाणार नाही अशा बेताने तिची आरंभापासून अखेरपर्यंत जशीच्या तशी नक्कल घेतली. जे भाग वाचता येत नाहीत ते वगळून पुढे जाणारी आणि नंतर पुन्हा पुन्हा तेथे परतणारी साधने उपलब्ध आहेत. तीन रात्री लागल्या. डिस्कचे काही तुकडे शेवटपर्यंत हाती लागले नाहीत. त्यांतला एक आठवणींच्या मधल्या प्रकरणात होता, त्यामुळे तिथली सुमारे दोन पाने गेली, ती गेलीच.

आतले यंत्रही तपासावे लागले. त्या काळच्या बऱ्याच छोट्या संगणकांत घड्याळासाठी एक लहानशी पुनर्भारित बॅटरी असते. ती गळली की तिचा क्षार मुद्रित पट्टीवरील तांबे खातो. ती मी काढून टाकली. बिजागरीजवळचे प्लॅस्टिकही ठिसूळ झाले आहे.

नक्कल हाती आली, फाइल उघडली, आणि पडद्यावर दिसली ती निरर्थक रोमन अक्षरांची माळ. तरुण विद्यार्थ्यांना याचे कारण सांगायला हवे. विंडोज ९५ ला देवनागरी येत नव्हती. मराठी लिहिणारे आपण सगळे तेव्हा एक युक्ती करत होतो: इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेला टंक वापरायचा. संगणकाच्या लेखी ते इंग्रजीच. डोळ्यांना मात्र मराठी. टंक गेला की मराठी गेली. प्रत्येक टंकाची मांडणी वेगळी, त्यामुळे आपल्या भाषेतले त्या दशकातले कितीतरी लिखाण आज असेच कुलूपबंद पडले आहे. आपल्या शाळेची जुनी वार्षिके ज्यांनी संगणकावर जुळवली, त्यांनी आपापली कपाटे जरूर पाहावीत.

सुदैवाने डिस्कमध्ये तो टंकही होता. कोणत्या खुणेला कोणते अक्षर, याचे कोष्टक मी केले आणि युनिकोडमध्ये रूपांतर करणारी छोटी आज्ञावली लिहिली. पहिल्या फेरीत गुरुजींचा 'गणित' हा शब्द 'गिणत' होऊन आला आणि 'वर्ग' झाला 'वगर्'. जुन्या टंकात ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी, म्हणजे व्यंजनाच्या आधी टंकलिखित होते. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे नंतर येते. रफाराचे नेमके उलटे: टंकात तो शेवटी, युनिकोडमध्ये आधी. जोडाक्षराआधी वेलांटी आली की ती किती खुणा ओलांडून न्यायची, हाही प्रश्न होता. हे नियम बसवण्यात दोन महिने गेले. अनेकदा वाटले, एवढ्या वेळात हाताने टंकलेखन झाले असते. पण मग गुरुजींच्या वाक्यांत माझ्या नकळत माझे शब्द शिरले असते.

येथे काम संपायला हरकत नव्हती. परंतु सूनबाईंची इच्छा अशी, की ते लिखाण त्याच यंत्रावर पुन्हा वाचता यावे. विंडोज ९५ वर युनिकोड देवनागरी नीट दिसणे शक्य नाही. म्हणून दुसरी कार्यप्रणाली बसवण्याचा प्रश्न आला.

जगात या छोट्या यंत्रांवर प्रेम करणारे लोक आहेत, आणि त्यांनी लिब्रेटोवर काय काय चालवले नाही! जिम हॉल यांनी १९९४ साली सुरू केलेला फ्रीडॉस, नेटबीएसडी, नाना तऱ्हेचे लिनक्स. फ्रीडॉस तर येथे वाऱ्यासारखा पळतो, पण त्यात देवनागरी नाही. लिनक्सच्या साध्या अक्षरी पडद्यावरही जास्तीत जास्त ५१२ अक्षराकृती मावतात. जोडाक्षरांना तेवढ्यात थारा कुठला? तेव्हा चित्रमय पडदा आणि त्यावर युडिट नावाचा संपादक, असे ठरले. युडिट देवनागरीची जोडाक्षरे स्वतःच जुळवतो, कार्यप्रणालीची मदत मागत नाही. आजचा लिनक्स मात्र येथे घेऊन उपयोग नव्हता. डेबियनने २०१७ सालच्या नवव्या आवृत्तीपासून या पिढीच्या पेंटियमची साथ सोडली आहे. म्हणून जुनी आवृत्ती निवडली. जुनी म्हणजे असुरक्षित, हे उघड आहे. हे यंत्र मी इंटरनेटला जोडत नाही. स्मृतीची जोडपट्टी शोधून १६ ची ३२ एमबी केली. यापुढे हे यंत्र वाढत नाही.

डिस्कच्या जागी कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड बसवले. कॅमेऱ्यातले हे कार्ड जुन्या हार्ड डिस्कचीच भाषा बोलते, त्यामुळे साध्या जोडणीवर काम भागते आणि घरघरही थांबते. लिब्रेटोला एकच पीसी-कार्डाची खाच, आणि त्याची फ्लॉपीही तिच्यातच लागते. म्हणून मी सारे दुसऱ्या संगणकावर बसवून कार्ड आत सरकवले. यंत्र सुरू केले, पडद्यावर एल आणि आय ही दोन अक्षरे उमटली, आणि सारे स्तब्ध. माझा चेहरा तेव्हा गुरुजींनी फळ्यासमोर उभे केलेल्या मुलासारखा झाला असणार! लिलो या आरंभ-आज्ञावलीच्या भाषेत याचा अर्थ असा, की डिस्कची भूमिती जुळत नाही. एका संगणकाने मोजलेले वर्तुळ दुसऱ्याला मान्य नव्हते. एका शब्दाची दुरुस्ती, आणि गाडी सुटली.

आणखी एक खबरदारी सांगतो. झोपी जाताना लिब्रेटो आपली सारी स्मृती डिस्कच्या शेवटच्या भागात उतरवून ठेवतो. विंडोजला तो भाग दिसतच नाही. लिनक्सला दिसतो, आणि न जाणता तेथे फाइली ठेवल्या तर पहिल्याच झोपेत त्या पुसल्या जातात. ती जागा मी मोकळी सोडली आहे. गुरुजींची मूळ विंडोज वेगळ्या कार्डावर जशीच्या तशी जपली आहे.

युडिट उघडायला मिनिटाहून अधिक लागतो. मग दिसते पहिले प्रकरण: पावसाळ्यात सातवीच्या वर्गात छत गळते आहे, आणि गुरुजी पडणाऱ्या थेंबांचा वेग मुलांना मोजायला लावत आहेत. त्या वर्गात मी होतो. बादली धरून उभा होतो, हे त्यांनी लिहिले आहे. मी विसरलो होतो.

गेलेल्या दोन पानांत १९७१ सालच्या सहलीचा प्रसंग होता, एवढे मागच्यापुढच्या मजकुरावरून कळते. त्या सहलीला गेलेले कोणी सभागृहात असतील, तर व्याख्यानानंतर मला अवश्य भेटावे. यंत्र टेबलावरच आहे. पाहावे, वाचावे, मात्र झाकण दोन्ही हातांनी उघडावे, डावी बिजागरी फार दिवस टिकेल असे वाटत नाही.