शिक्षणाचे कर्ज आणि शिक्षणाचे ऋण
(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त दिलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला शिक्षणावर बोलायला सांगितले. शिक्षणाचे महत्त्व या वस्तीला समजावून सांगावे असे काही राहिलेले नाही. इथल्या मायमाउलींनी धुणीभांडी करून, बापमाणसांनी हमाली करून पोरं शिकवली. म्हणून आम्ही आज दुसराच विषय घेतला आहे. तो घराघरात कुजबुजला जातो, पण चारचौघांत कुणी काढत नाही. शिक्षणासाठी काढलेले बँकेचे कर्ज विद्यार्थ्याने फेडावे का? आणि फेडायचे तर कसे?

यावर दोन मतं ऐकू येतात. एक म्हणते, घेतलं ते दिलंच पाहिजे. पदवी तुझी, पगार तुझा, मग लोकांनी का भरायचं? दुसरे म्हणते, शिक्षण देणे हे सरकारचे काम आहे. डॉक्टर, इंजिनियर, नर्स समाजाच्या उपयोगी पडतात, तेव्हा त्यांचा खर्चही समाजाने सोसावा. दोन्ही मतांत तथ्य आहे आणि दोन्ही अर्धी आहेत.

प्रथम धम्म काय सांगतो ते पाहू. भगवंतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली. संपत्ती असण्याचे सुख, ती उपभोगण्याचे सुख, कुणाचे देणे नसण्याचे सुख आणि निर्दोष आचरणाचे सुख. तिसऱ्याला पालीत अनणसुख म्हणतात. आणखी एका सुत्तात भगवंतांनी दारिद्र्याची साखळी दाखवली आहे. गरीब माणूस कर्ज काढतो, मग व्याज चढते, मग तगादा लागतो, मग सावकार पाठीस लागतो आणि शेवटी बंधन येते. अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे वर्णन आजच्या वसुलीच्या फोनलाही लागू पडते. भगवंतांनी कर्ज बुडवायला सांगितले नाही आणि कर्जाला चांगलेही म्हटले नाही. कर्जाचे दुःख गरिबाच्या वाट्याला कसे येते, ते दाखवले.

आता बाबासाहेबांचे उदाहरण घेऊ. १९१३ साली सयाजीराव गायकवाड महाराजांनी त्यांना अमेरिकेला जाण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. ती फुकट नव्हती. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करीन, असा करार बाबासाहेबांनी लिहून दिला होता. म्हणजे परतफेड होती, पण ती सेवेने करायची होती. शब्दाला जागून ते १९१७ साली बडोद्याला गेले. पुढे काय झाले ते आपण सारे जाणतो. कचेरीतले शिपाई कागद लांबून फेकत. राहायला घर मिळेना. पारशी खाणावळीत नाव बदलून राहिले, तर लाठ्या घेतलेल्या माणसांनी तिथूनही बाहेर काढले. कोलंबियाला शिकून आलेला माणूस बागेत बसून रडला. करार पाळायला तो तयार होता, जातीने त्याला तो पाळू दिला नाही.

मित्रहो, आमच्या मुद्द्याचे मूळ इथे आहे. परतफेडीचा कागद करताना असे धरले जाते की शिकलेल्या माणसाला काम मिळेल, घर मिळेल, मान मिळेल. ज्याला ते मिळू दिले जात नाही, त्याने हप्ता कुठून भरायचा? बाबासाहेब १९२० साली पुन्हा लंडनला गेले ते सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने घेतलेले पाच हजार रुपये यांच्या बळावर. कर्ज त्यांनीही काढले. पण त्यांच्यामागे एक राजा होता आणि एक मित्र होता. आपल्या प्रत्येक पोराच्या मागे राजा कुठून आणायचा?

हे बाबासाहेबांनी ओळखले होते. म्हणून १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी पैसा मागितला. १९४४ पासून भारत सरकारची शिष्यवृत्ती सुरू झाली. आपण जिला जी. ओ. आय. म्हणतो, तीच ही. तिच्यावर आपल्या तीन पिढ्या शिकल्या. ही शिष्यवृत्ती म्हणजे दान नव्हे आणि कर्जही नव्हे. शेकडो वर्षे ज्यांचे श्रम फुकट घेतले, त्यांना मिळालेली ती थोडीशी परतफेड आहे. देणेकरी कोण आणि घेणेकरी कोण, हे आधी नीट ठरवले पाहिजे.

मग अडचण कुठे येते? सरकारी कॉलेजात जागा थोड्या आणि खासगी कॉलेजे फार. शिष्यवृत्तीचे पैसे उशिरा येतात आणि कॉलेजवाले आधी फी मागतात. काही अभ्यासक्रम शिष्यवृत्तीत बसत नाहीत. मॅनेजमेंट कोट्यातला प्रवेश तर बसतच नाही. मग बाप बँकेच्या दारात जातो. अशा रीतीने हक्काच्या जागी हळूहळू कर्ज येऊन बसते. आमचा विरोध आहे तो याला.

एक हिशेब मांडतो. पोरांनो, वहीत उतरवून घ्या. चार वर्षांचा कोर्स, दरवर्षी सुरुवातीला एक लाख उचलले, व्याज दहा टक्के. कोर्सची चार वर्षे आणि पुढे एक वर्ष हप्ता नाही, पण सरळ व्याज चालू असते. पहिल्या लाखावर पाच वर्षांचे, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर दोन वर्षांचे. एकूण १ लाख ४० हजार. म्हणजे पहिला हप्ता भरण्याआधीच चाराचे ५ लाख ४० हजार झाले. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे ७,१०० रुपये. पंधरा हजारांवर लागलेल्या मुलाचा निम्मा पगार इथेच गेला. मुदत पंधरा वर्षांची केली तर हप्ता सुमारे ५,८०० वर येतो, पण एकूण व्याज वाढते. खोलीचे भाडे, आईचे औषध, धाकट्या बहिणीची फी उरलेल्यात भागवायची.

जगात याला दुसरा रस्ता आहे. ऑस्ट्रेलियात १९८९ पासून अशी पद्धत आहे की पदवीधराची मिळकत ठराविक रकमेच्या वर गेली तरच वसुली होते, तीही कराबरोबर. मिळकत घटली की वसुली थांबते. इंग्लंडमध्येही मर्यादेवरच्या मिळकतीचा ठराविक टक्का कापतात आणि ठरलेल्या वर्षांनंतर उरलेले कर्ज माफ होते. जर्मनीत सरकारी विद्यापीठांना शिकवणी फी बहुतांशी नाहीच. गरजू विद्यार्थ्याला खर्चासाठी मिळते त्यातले अर्धे अनुदान असते आणि अर्धे बिनव्याजी कर्ज. हे देश काही धर्मादाय संस्था चालवत नाहीत. शिकलेला माणूस मोडू नये, एवढे शहाणपण त्यांनी ठेवले आहे.

आपल्या देशातही हे शहाणपण होते. १९६३ साली केंद्र सरकारने बिनव्याजी कर्ज शिष्यवृत्ती काढली. घेणारा पुढे शिक्षक झाला, तर नोकरीच्या प्रत्येक वर्षाला दहावा हिस्सा माफ होई. दहा वर्षे मुले शिकवली की कर्ज संपले. सेवेने परतफेड म्हणतात ती हीच. वसुली नीट होईना, अशा कारणाने ती योजना पुढे बंद पडली. आज बँकेचे शैक्षणिक कर्ज आहे, पण बँक मिळकत पाहून हप्ता लावत नाही. तिला तारीख कळते, माणूस कळत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे. घेतलेले कर्ज फेडावे, कारण ते फेडले तर उद्या आपल्याच वस्तीतल्या दुसऱ्या मुलीला बँक दारात उभे करील. पण फेड मिळकतीच्या मानाने असावी, नोकरी नाही तोवर वसुली नसावी, आणि खेड्यातल्या दवाखान्यात वा शाळेत सेवा करणाऱ्याचे कर्ज वर्षागणिक कमी व्हावे. शिष्यवृत्तीच्या ठिकाणी कर्ज हे मात्र कदापि मान्य करू नये.

हे सरकारदरबारी होईल तेव्हा होईल. घरी काय करायचे, तेही सांगतो. आधी शिष्यवृत्ती, नंतर कर्ज, हा क्रम मोडू नका. जातीचा दाखला, जात पडताळणी, उत्पन्नाचा दाखला ही कागदपत्रे बारावीच्या आधीच तयार ठेवा. प्रवेश सरकारी फेरीतूनच घ्या. वसतिगृह मिळाले नाही तर २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे, तिचा अर्ज करा. कर्ज काढावेच लागले तर सरकारी बँकेत जा. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सरकारची हमी योजना २०१५ पासून आहे. तेवढ्यासाठी घर किंवा आईचे मंगळसूत्र गहाण टाकायची गरज नाही, हे मॅनेजरला ठणकावून सांगा. जमेल तर कोर्स चालू असतानाच व्याजापुरते पैसे भरत जा. हप्ता थकला तर फोन बंद करून बसू नका. बँकेत लेखी अर्ज द्या आणि मुदत वाढवून मागा. आणि ज्या कॉलेजातून बाहेर पडून नोकरी लागत नाही, त्याच्या रंगीत पुस्तिकेला भुलून सही करू नका. त्या कागदावर बापाचीही सही असते, हे पोरांनी विसरू नये.

आता शेवटचा मुद्दा. बँकेचे कर्ज हप्त्याने फिटते. दुसरे एक ऋण आहे, ते हप्त्याने फिटत नाही. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या भाषणात बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांविषयी खंत बोलून दाखवली होती. ती खंत पैशाची नव्हती. शिकून वर गेलेला माणूस मागे वळून पाहत नाही, याची होती. जो शिष्यवृत्तीवर शिकला, त्याच्याकडे बँक तगादा लावत नाही. म्हणून तो देणेकरी नाही असे होत नाही. उलट त्याचेच देणे मोठे आहे.

या विहारात संध्याकाळी अभ्यासिका चालते. नोकरीला लागलेल्या प्रत्येकाने आठवड्यातून दोन तास तिथे द्यावेत. कुणी गणित शिकवावे, कुणी इंग्रजी, कुणी शिष्यवृत्तीचे अर्ज भरून द्यावेत. ज्याला जमेल त्याने पगारातले थोडे पैसे विहाराच्या पेटीत वेगळे ठेवावेत. शिष्यवृत्ती येईपर्यंत ज्याची फी अडली आहे त्याला ते बिनव्याजी द्यावेत, आणि शिष्यवृत्ती आली की त्याने ते पेटीत परत टाकावेत. त्यातून पुढच्याची फी भरली जाईल. एवढी फेड आपल्या हातात आहे. त्यासाठी कुठल्याही मॅनेजरची सही लागत नाही.



नमो बुद्धाय, जयभीम.