वळूची निवड



अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत गाईवर व्याख्यान कशाला, अशी शंका कोणास आली तर ती रास्तच आहे. आपल्या घरी दूध येते ते पिशवीतून. परंतु शिवालयापुढचा नंदी आपण रोज पाहतो. त्याच्या खांद्यावरचे वशिंड ही भारतीय गोवंशाची खूण. युरोपातल्या होल्स्टीन किंवा जर्सी गाईला ते नसते. हा भेद केवळ दिसण्याचा नाही, आणि तोच आज सांगावयाचा आहे.

पूर्वी गाव एखादा उत्तम वळू राखी आणि बाकीचे गोऱ्हे खच्ची करून बैल केले जात. ह्या साध्या चाळणीतून प्रदेशाप्रदेशाचे वाण घडले : माणदेशात चपळ खिलार, मराठवाड्यात देवणी आणि लाल कंधारी, वर्ध्याकडे गवळाऊ. आपल्याला जवळची म्हणजे इगतपुरी-अकोल्याच्या डोंगराळ भागातली डांगी. तिच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो, म्हणून मुसळधार पाऊस अंगावरून निथळून जातो. खूर काळे आणि टणक. दूध मात्र बेताचे.

दुधाची ही उणीव भरून काढण्यासाठी संकर आला. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचन येथे 'बाएफ' ही संस्था स्थापिली आणि कृत्रिम रेतन शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेले. वळूचे रेत द्रवरूप नत्रवायूत, उणे १९६ अंश सेल्सिअसला, वर्षानुवर्षे टिकते आणि एका वेळच्या रेतातून शेकडो मात्रा निघतात. संकरित गाईच्या दुधावर कितीतरी संसार उभे राहिले, हे कोणी नाकारू नये.

पण गुणाबरोबर चूकही शेकडो पटींनी वाढते. डांगीला जर्सीचे रेत दिले की कालवड निम्मी डांगी. तिला पुन्हा जर्सी दिली की वाण पाव उरतो. शतकांची कमाई दोन पिढ्यांत पातळ होते. जेथे पक्का गोठा, हिरवा चारा आणि वैद्य हाताशी आहे तेथे संकरित गाय खुशाल असावी. जेथे जनावर पावसात रानोमाळ चरते तेथे डांगीला डांगीच वळू हवा.

आता दुसरी गोष्ट. गाय साधारण २१ दिवसांनी माजावर येते. माज १२ ते १८ तास टिकतो आणि तो ओसरल्यावर १० ते १२ तासांनी बीज सुटते. म्हणून सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी रेतन करावे. वळूला हे वासावरून कळे. आता वळू दारी नाही, तेव्हा ते माणसानेच ओळखले पाहिजे. गाय हंबरते, दुसरे जनावर अंगावर चढले तरी स्थिर उभी राहते, काचेसारखा स्वच्छ बळस टाकते. उन्हाळ्यात पुष्कळदा माज मुका असतो. एक माज हुकला की २१ दिवसांची वैरण पदरची! गाभण राहिल्यावर पुढे नऊ महिने नऊ दिवसांचा हिशेब आहेच.

सारांश, गावाने मिळून करावयाची निवड आता एकेका गोठ्यावर येऊन पडली आहे. कांडी कोणत्या वळूची, हे मालकाने विचारावे आणि वहीत टिपून ठेवावे. आम्हां दूध घेणाऱ्यांनीही केवळ लिटर मोजून गाईची किंमत करू नये. एखादा वाण एकदा नाहीसा झाला, तर तो कोणत्याही कारखान्यात पुन्हा घडवता येणार नाही.