डावा हात आणि एक आजार



मानसोपचाराची डॉक्टर म्हणून पाच मिनिटं बोल, असा हुकूम आहे. तेव्हा आपल्यातल्याच एकीचा प्रश्न घेते, तिच्या परवानगीने. तिच्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे आणि नातू डावखुरा. डावखुऱ्यांना हा आजार जास्त होतो असं तिने कुठेतरी वाचलं, आणि घरात नातवाचा चमचा उजव्या हातात देणं सुरू झालं.

वाचलेलं अगदीच खोटं नाही. साधारण दहा माणसांत एक डावखुरा असतो. या रुग्णांत उजव्या हाताचे थोडे कमी भरतात. त्यातही वाढलेले दिसतात ते विशेषतः मिश्र हाताचे, म्हणजे काही कामं या हाताने, काही त्या हाताने करणारे.

कारण मेंदूत शोधतात. बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या अर्ध्यात असते, डावखुऱ्यांतही सुमारे 70 टक्क्यांची. स्किझोफ्रेनियात ही वाटणी जरा सैल आढळते. ब्रिटनचे टिम क्रो म्हणत, माणसाला भाषा मिळाली त्याची ही किंमत. कल्पना देखणी आहे, पण मला पुरती पटत नाही. हाताची सवय काय किंवा हा आजार काय, दोन्हींमागे अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो.

शिवाय हात ओळखणंही सोपं नाही. 1971 मध्ये ओल्डफिल्ड यांनी केलेली प्रश्नावली अजून वापरतात. त्यात लिहिणं आणि चमचा आहे, तशी कात्री, झाडू, काडी ओढणंही आहे. आपल्याकडे लिहिणं-जेवणं उजव्याच हाताने करवून घेतलेलं (गुरुजनांनी हसू नये!), म्हणून मी दात कोणत्या हाताने घासता, चेंडू कोणत्या हाताने फेकता, हे आधी विचारते.

मैत्रिणीला मी सांगितलं ते असं. हात हे आजाराचं कारण नव्हे. चमचा बदलून आजार टळत नाही, पोर मात्र रडकुंडीला येतं. शंभर डावखुऱ्यांतल्या जवळजवळ नव्याण्णवांना हा आजार कधीच होत नाही. पुढे विशीच्या आसपास मुलगा एकलकोंडा झाला, झोप उडाली, विनाकारण संशय घेऊ लागला, कुणी नसताना आवाज ऐकू लागला, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यायचं. उजवा असो वा डावा.

मग मी भावाची चौकशी केली. गोळ्या नियमित घेतो म्हणाली. घरातल्या मागच्या दोन लग्नांना मात्र त्याला कुणी नेलं नव्हतं. आमचं उरलेलं बोलणं त्यावरच झालं.