गाडी घरीच उभी दिसत होती: कारसाठी ट्रॅकर निवडताना

(हा भाग बोलून रेकॉर्ड केलाय, खाली त्याचाच मजकूर आहे. अडखळणं आणि मध्येच गेलेली लाइट तेवढी काढून टाकली.)

आजचा विषय बऱ्याच जणांनी विचारलेला: कार चोरीला जाऊ नये म्हणून ट्रॅकर कोणता घ्यायचा? मी बीटेक झालेला, सॉफ्टवेअरमध्ये काम करणारा, त्यामुळे आमच्या नातेवाइकांत मोबाईलपासून इन्व्हर्टरपर्यंत सगळ्यासाठी "याले विचारा, याले समजते" असं चालतं. आणि आज मी सुरुवातच माझ्या चुकीपासून करणार आहे.

माझे मामा परतवाड्याचे. संत्र्याच्या दोन बहारांचे पैसे साठवून त्यांनी सेकंड हँड सात सीटर गाडी घेतली. अंगणात जागा नाही म्हणून गाडी रस्त्याच्या कडेला उभी असायची. ट्रॅकर मीच निवडून दिला. रेटिंग बघितलं, किंमत बघितली, ॲप छान होतं. झालं.

वर्षभरानंतर एका पहाटे साडेपाचला मामांचा फोन. "अरे, दारापुढं गाडी नाही. पन मोबाईलमंदी तं घरीच उभी दाखवून राह्यली. हे काय गौडबंगाल हाय?"

नकाशावर आमच्याच गल्लीत हिरवा ठिपका. त्या ठिपक्यावर विश्वास ठेवून मामांनी आधी शेजाऱ्यांना विचारलं, मग मामेभावाला उठवलं, पाऊण तास असाच गेला. मी ॲप उघडलं तेव्हा खाली बारीक करड्या अक्षरांत दिसलं: शेवटचं अपडेट नऊ दिवसांपूर्वी. आतल्या सिमचं एक वर्षाचं रिचार्ज संपलं होतं. ट्रॅकर नऊ दिवस मुका होता आणि ॲप शेवटची माहीत असलेली जागा ताजी असल्यासारखी दाखवत बसलं होतं.

गाडी सापडली नाही. विम्याचे पैसे काही महिन्यांनी आले, पण मामी अजूनही बसस्टँडवर उभी राहते तेव्हा मला कसंतरीच होतं. कारण ही चूक माझ्या ओळखीची होती. आमच्या कामात सर्व्हर ठरावीक वेळाने "मी जिवंत आहे" असा संदेश पाठवतो. तो आला नाही की रात्री दोनलाही फोन वाजतो. हे मी ऑफिसात रोज बघतो आणि मामांच्या गाडीसाठी मला ते सुचलं नाही.

म्हणून आजच्या भागाचं सार आधीच सांगतो: जो ट्रॅकर स्वतः गप्प झाल्यावर तुम्हाला उठवतो, तोच घ्या. बाकी सगळं यानंतर.

आधी जीपीएस म्हणजे काय ते

जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. ट्रॅकर त्यांचा सिग्नल फक्त ऐकतो, रेडिओ ऐकावा तसा, आणि त्यावरून स्वतःची जागा काढतो. उपग्रहाला तुमची गाडी कुठे आहे याची काही खबर नसते. ती जागा तुमच्यापर्यंत पोचते आतल्या सिमवरून, मोबाईल टॉवरमार्गे. म्हणजे साखळीत चार कड्या आहेत: वीज, आकाश, सिम आणि तुमचा फोन. चोर यातली एक तोडतो. कधी कधी तर आपणच तोडून ठेवलेली असते.

बाजारात काय काय मिळतं

पहिला, ओबीडीचा. स्टिअरिंगखाली जो सर्व्हिसवाल्यांचा सॉकेट असतो, त्यात खोचायचा. वायर कापावी लागत नाही, गाडी नवीन असेल तर वॉरंटीची कटकट नाही. पण माहीतगार चोराचा हात सगळ्यात आधी तिथेच जातो. मुलगा गाडी कशी चालवतो हे बघायला चांगला. चोरीसाठी एकट्यावर भरवसा नको.

दुसरा, वायरचा. गाडीच्या बॅटरीला जोडतात, डॅशबोर्डच्या आत लपवतात, आत छोटी बॅकअप बॅटरी असते. वापरण्यासारखा हाच. लपवताना प्लास्टिकच्या मागे बसवा. लोखंडाच्या पत्र्याखाली घातला तर त्याला आकाशच दिसणार नाही.

यासोबत दुकानदार इंजिन बंद करणारा रिले सुचवतो. इथे थांबा आणि विचारा: चालती गाडी बंद होते की फक्त पुन्हा स्टार्ट होत नाही? दुसराच प्रकार घ्या. मूर्तिजापूरजवळ हायवेवर ऐंशीच्या वेगात गाडी बंद पडली आणि मागे ट्रक असला, तर चोराचंच नाही, दुसऱ्या कोणाचंही काही होऊ शकतं. शिवाय मोबाईलवर चुकून तुमचंच बोट लागलं तर?

तिसरा, चुंबकाचा, बॅटरीवर चालणारा. हा बहुतेक वेळ झोपलेला असतो आणि ठरावीक वेळी उठून जागा सांगतो, म्हणून बॅटरी टिकते. दुसरा, लपवलेला साक्षीदार म्हणून उत्तम. पण आपला उन्हाळा लक्षात घ्या. लिथियमची साधी बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये आणि ६० च्या वर वापरू नये असं सहसा सांगतात. अकोल्यात मे महिन्यात बाहेरच ४५ असतं, बंद गाडीच्या आतलं तर विचारूच नका. तेव्हा काचेजवळ नको, खाली सावलीत ठेवा आणि बॅटरी फुगली का ते अधूनमधून बघा.

चौथा, चावीला लावायचा ब्लूटूथ टॅग. ॲपलचा एअरटॅग २०२१ मध्ये आला, तसे अँड्रॉइडचेही आहेत. यात जीपीएस नाही, सिमही नाही. जवळून जाणाऱ्या दुसऱ्यांच्या फोनवर त्याचं सगळं चालतं. राजकमल चौकात ठीक, पण सेमाडोहच्या रस्त्यावर जवळून जाणार कोण? आणि कोणी कोणाचा पाठलाग करू नये म्हणून हे टॅग अनोळखी फोनला "तुमच्यासोबत एक टॅग फिरतोय" असं कळवतात. म्हणजे चोरालाही कळू शकतं. जोडीला ठेवा, मुख्य म्हणून नको.

एक शब्द दुकानात हमखास ऐकाल: एआयएस-१४०. १ जानेवारी २०१९ पासून नोंदलेल्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना या मानकाचा ट्रॅकर आणि पॅनिक बटण सक्तीचं आहे, रिक्षासारख्या काही वाहनांना सूट आहे. तुमची टॅक्सी असेल तर हा प्रश्नच नाही, तोच लावावा लागतो. घरच्या गाडीला सक्ती नाही, आणि नुसत्या त्या शिक्क्यावरून रात्री फोन वाजेल की नाही ते कळत नाही.

नेटवर्क: आपल्याकडचा खरा प्रश्न

परतवाड्याहून तासाभरात मध्य प्रदेशात पोचता येतं. दुसऱ्या बाजूला मेळघाट, जिथे नेटवर्क घाटागणिक येतं-जातं. आणि हायवेचं म्हणाल तर अमरावती-अकोला रस्त्यावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा एक पदर १०५ तास ३३ मिनिटांत डांबरी करून गिनीज विक्रम झाला. रस्ता आपल्यासाठी झाला, तसा चोरासाठीही झाला. मामांचा तो पाऊण तास म्हणजे गाडी कुठच्या कुठे.

म्हणून तीन गोष्टी विचारा. एक, आतलं सिम कोणत्या कंपनीचं आणि टूजी की फोरजी? जिओचं टूजी नेटवर्क नाही, त्यामुळे फक्त टूजी चालणाऱ्या ट्रॅकरला ते उपयोगाचं नाही. दोन, एक नेटवर्क गेलं तर दुसऱ्यावर जातो का? तीन, नेटवर्क नसताना जागा साठवून ठेवतो का आणि रेंज आल्यावर पाठवतो का? विकत घेण्याआधी दुकानदाराकडून चालू ट्रॅकर मागा आणि एखाद्या रविवारी चिखलदऱ्याला चक्कर मारून या. परत आल्यावर नकाशावर रेघ सलग दिसली तर ठीक.

पासवर्डचं सांगतो, हे माझ्या धंद्यातलं आहे

२०१९ मध्ये अवास्ट कंपनीच्या संशोधकांना असे सहा लाखांच्या आसपास ट्रॅकर सापडले, ज्यांचा मूळ पासवर्ड १२३४५६ होता. जुलै २०२२ मध्ये अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने मायकोडस नावाच्या कंपनीच्या एका कार ट्रॅकरबद्दल इशारा दिला. त्यातल्या त्रुटींमुळे दुसराच माणूस गाडीची जागा बघू शकत होता, इंधनही बंद करू शकत होता. विचार करा, तुम्ही लग्नाला नागपूरला गेलात आणि घर रिकामं आहे हे सांगणारं यंत्र आपणच पैसे देऊन बसवलं! तेव्हा पहिल्याच दिवशी पासवर्ड बदला, आणि बदलता येत नसेल तर तो ट्रॅकर परत करा.

दुकानातच करायची परीक्षा

बसवून झाल्यावर लगेच पैसे देऊ नका. आधी मेकॅनिकला गाडीच्या बॅटरीचं टर्मिनल काढायला सांगा. तुमचा फोन वाजला? नुसतं नोटिफिकेशन आलं तर पुरेसं नाही, रात्री फोन सायलेंट असतो. खरा कॉल येणारी सोय बघा. आणि बरेच अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारी ॲप बंद करतात, तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन या ॲपला सूट द्या.

मग मुख्य प्रश्न: "ट्रॅकर सहा तास काहीच बोलला नाही तर मला कोण सांगेल?" दुकानदार गोंधळला तर समजून जा.

शेवटचं, रिचार्ज. संपण्याची तारीख मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये टाका, पंधरा दिवस आधीची आठवण लावा. आणि ती घरातल्या दोघांच्या फोनवर असू द्या.

आणि गेलीच तर

आधी नकाशावरची वेळ बघा, ठिपका नंतर. मग ११२ ला फोन करा, लाइव्ह लिंक पोलिसांना द्या, स्क्रीनशॉट काढून ठेवा. स्वतः पाठलाग करू नका. गाडी दुसऱ्या जिल्ह्यात दिसत असली तरी जवळच्या ठाण्यात जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असली तरी तक्रार नोंदवता येते, तिलाच झीरो एफआयआर म्हणतात. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. क्लेमच्या वेळी ते दोन्ही चाव्या मागतात, म्हणून दुसरी चावी कुठे आहे ते आज संध्याकाळीच शोधून ठेवा.

मामांनी मागच्या महिन्यात पुन्हा एक जुनी गाडी घेतली. या वेळी वायरचा एक, लपवलेला एक आणि स्टिअरिंगला साधं लोखंडी लॉक. ते लॉक बघून मामा म्हणाले, "हे बरं हाय, याले रिचार्ज नाही लागत." खरंच आहे. चोराला दहा मिनिटं जास्त लागली आणि तेवढ्यात फोन वाजला, तर ट्रॅकरचे पैसे वसूल.

एक काम देतो. तुमच्या गाडीत ट्रॅकर असेल तर हा भाग संपल्यावर ॲप उघडा आणि शेवटचं अपडेट किती वाजताचं आहे ते बघा. कालचं किंवा परवाचं निघालं तर आधी रिचार्ज बघा आणि मग मला नक्की कळवा.

भेटूया पुढच्या भागात.