सही होण्याआधी यादी



भारत आरसेपमधून, म्हणजे चीन, न्यूझीलंडसह आशिया-प्रशांत भागातल्या देशांच्या व्यापार करारातून, बाहेर पडला ते बरं झालं की वाईट, हा वाद अजून मिटलेला नाही. 4 नोव्हेंबर 2019 ला बँकॉकमध्ये आपण नकार कळवला. त्या दिवशी ठिकठिकाणी शेतकरी संघटना कराराविरुद्ध रस्त्यावर होत्या. आणि त्याच्या काही दिवस आधीच सुरजित भल्ला यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी सल्लागार गटानं करारात जावं अशी शिफारस केली होती. उरलेल्या 15 देशांनी 15 नोव्हेंबर 2020 ला सह्या केल्या आणि 1 जानेवारी 2022 पासून करार लागू झाला. नोव्हेंबर 2024 मध्ये नीती आयोगाचे मुख्य कार्यकारी अधिकारी बी. व्ही. आर. सुब्रह्मण्यम यांनी भारत या करारात असायला हवा, असं जाहीरपणे म्हटलं. म्हणजे वाद परत पहिल्या पानावर.

आपल्या नांदगाव तालुक्यात हा वाद डेअरीवर दूध घालताना होतो, कांद्याचे लिलाव चालू असताना होतो, मनमाडच्या फलाटावर गाडीची वाट बघतानाही होतो. ऐकताना मला दर वेळी एकच गोष्ट खटकते. भांडणारे पक्षाचं नाव घेऊन भांडतात, देशाचं नाव घेऊन भांडतात, पण यादी दोघांपैकी एकानंही पाहिलेली नसते.

कुठल्या मालावर आज किती आयात शुल्क आहे, ते किती वर्षांत कितीनं उतरणार, कुठला माल अजिबात सोडायचा नाही, हे त्या यादीत ओळीनं लिहिलेलं असतं. करार म्हणजे ती यादी. बाकीचं सगळं भाषण. आणि आज मला जे सांगायचं आहे ते एवढंच, की ही यादी सही होण्याआधी तुमच्या-माझ्या हाती यायला हवी. मी हे पुन्हा सांगणार आहे, कंटाळू नका.

एका दूध संस्थेच्या हिशेबाच्या वह्या मी सांभाळतो, म्हणून दुधापासून सुरुवात करतो. न्यूझीलंडची वस्ती आपल्या नाशिक जिल्ह्यापेक्षा कमी. तिथल्या दुधातलं बहुतेक दूध पावडर, लोणी, चीज होऊन देशाबाहेर विकलं जातं. आपण दुधात जगात पहिले आहोत, पण ते दूध दोन-चार गाईंच्या गोठ्यांतून किटल्यांनी गोळा होतं. आता कुणी म्हणेल, न्यूझीलंडची पावडर मुंबईच्या बंदरात उतरली तर नांदगावच्या गाईला काय? बघा काय होतं ते. आपल्या गाईच्या दुधाचा मोठा हिस्सा पावडरीला जातो. पावडरीचा भाव पडला, की संकलन केंद्रावर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफच्या दुधाचा दर पडलाच म्हणून समजा. 2018 साली हेच झालं. पावडरीचे साठे पडून राहिले, दर लिटरला 17 रुपयांपर्यंत घसरला, आणि 16 जुलैपासून राजू शेट्टींच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेनं मुंबईकडे जाणारं दूध अडवलं. मग 25 रुपयांची घोषणा झाली. तेव्हा तर बाहेरची पावडर आलेलीही नव्हती! दूध पावडरीवर 60 टक्के आयात शुल्क आहे, तेवढाच आपला बांध. तो उतरवायचा की नाही, हे आरसेपच्या बोलण्यांत ठरणार होतं. माझं मत विचाराल तर दुधापुरता तो नकार योग्यच होता, आणि मी ते कुणासमोरही म्हणेन.

पण ती यादी 2019 मध्ये आपल्याला दाखवलीच नव्हती. 2012 पासून सात वर्षं बोलणी चालली आणि कराराचा मसुदा बंद पाकिटात राहिला. तो उघड झाला 2020 मध्ये, आपण बाहेर पडल्यावर, बाकीच्यांच्या सह्या झाल्यावर.

आपल्याकडची सामाईक विहीर आठवा. चार भावांचा हिस्सा, सातबाऱ्यावर नोंद, आणि पाळी ठरलेली. आता त्यात एकाची मोटर दहा एचपीची, दुसऱ्याची तीनची. कागदावर दोघांना सारखेच तास. पाणी कुणाच्या शेतात जाईल हे सांगायला पंचांग लागत नाही. म्हणून शहाणा भाऊ पाळीचा कागद करताना तीन गोष्टी लिहून घेतो. पातळी कुठल्या वर्षाची धरायची, बरसातीच्या की दुष्काळाच्या? पाणी अमुक हाताखाली गेलं की मोठी मोटर आपोआप बंद व्हायची की नाही? आणि ज्याचा हिस्साच नाही त्यानं एखाद्या हिस्सेदाराच्या पाटातून पाणी वळवून नेलं, तर त्याला अडवायचं कुणी?

आरसेपमध्ये भारताचं भांडण नेमकं याच तीन गोष्टींवर होतं. शुल्ककपात 2014 च्या दरावर मोजायची की 2019 च्या, हा पहिला मुद्दा, कारण मधल्या काळात आपण बऱ्याच मालावर शुल्क वाढवलं होतं. आयात एका हद्दीपलीकडे वाढली की शुल्क आपोआप परत चढावं, ही दुसरी मागणी. आणि एका देशाचा माल दुसऱ्या देशाचा शिक्का घेऊन आत येऊ नये, हा तिसरा आग्रह. शेजारच्या मालेगावच्या यंत्रमागवाल्याला विचारा, चिनी कापडाची धास्ती काय असते ते तो सांगेल. या मागण्या मान्य झाल्या नाहीत आणि आपण हिस्सा सोडला.

हिस्सा सोडला म्हणजे आपल्या शेतात पाणी आलं का? नाही. स्वतःची विहीर असेल तर तिचा गाळ काढावा लागतो, आडवे बोअर मारावे लागतात. तिकडे चौघांनी मिळून पाईपलाईन टाकली, तर आपण बांधावर उभं राहून किती दिवस बघणार? करारात जायला हवं होतं असं म्हणणाऱ्यांचा हा मुद्दा आहे आणि तो खोटा नाही. ज्या चीनच्या धास्तीनं आपण बाहेर पडलो, त्या चीनबरोबरची आपली व्यापारी तूट 2018-19 मध्ये साधारण 53 अब्ज डॉलर होती. 2024-25 मध्ये ती 99 अब्जांवर गेली. नकार दिला त्या दिवशी जो गाळ होता, तो तसाच आहे. दुधाचंच घ्या. नकारानंतर मिळालेल्या वर्षांत आपल्या गाईचं दूध वाढावं, चारा स्वस्त व्हावा, भेसळ थांबावी, यासाठी तालुक्यात काय झालं? संस्थांच्या सभांमध्ये विचारा हे. विचारत नाही आपण.

पुन्हा यादीकडे येतो. कारण आत जाणं आणि बाहेर पडणं यावर सगळा आवाज होतो, आणि यादी मागच्या दारानं हलते. जून 2024 मध्ये केंद्रानं एक अधिसूचना काढली. 10 हजार टन दूध पावडर आणि सुमारे 5 लाख टन मका 15 टक्के शुल्कानं आणायला परवानगी. त्या वेळी आपण कुठल्याही आरसेपमध्ये नव्हतो. दूध आणि मका! नांदगावच्या खरिपातून मका काढला तर उरतं काय? तेव्हा दुधाचे दर आधीच पडलेले होते आणि आंदोलनं चालू होती. किती जणांनी ती अधिसूचना वाचली? 2019 च्या नकाराबद्दल भरभरून बोलणारी माणसं त्या दिवशी कुठे होती?

आता कांदा. याबाबतीत मी आपल्या माणसांवरही थोडा रागावणार आहे. 29 सप्टेंबर 2019 ला कांद्याची निर्यात बंद झाली. म्हणजे आरसेपला नकार देण्याच्या जेमतेम पाच आठवडे आधी. 8 डिसेंबर 2023 ला पुन्हा बंद झाली, ती 4 मे 2024 ला उठली, तीही 40 टक्के निर्यात शुल्क आणि टनाला 550 डॉलरच्या किमान दराची अट घालून. लासलगावपासून नांदगावपर्यंत चाळीतला कांदा सडताना आपण पाहिला. आपला कांदा घेणारे बांगलादेश, मलेशिया, श्रीलंका दर वेळी दुसरीकडे वळले. आपण म्हणतो, त्यांचं दूध आत येऊ देऊ नका, आमचा कांदा मात्र बाहेर जाऊ द्या. दोन्ही मागण्या एकाच घरातून येतात, कारण त्याच घरात गाय आहे आणि त्याच घरात चाळ. यात लबाडी नाही. पण समोर बसलेला मलेशियावाला विचारणारच, की बाबा, तू भरवशाचा आहेस का? त्याला उत्तर द्यायचं तर आपल्याला काय सोडायचं आणि काय धरायचं हे आधी ठरवावं लागेल. ते ठरवायला काय लागतं? यादी.

ब्रिटनचं उदाहरण लोक फार देतात. तिथं 23 जून 2016 ला सगळ्यांना विचारलं, युरोपीय संघात राहायचं की निघायचं. 51.9 टक्के निघायचं म्हणाले. लोकांना विचारलं हे मोठंच, पण विचारताना यादी समोर नव्हती. मासे कुणी धरायचे, उत्तर आयर्लंडच्या मालाची तपासणी कुठे करायची, हे मत देऊन झाल्यावर निघालं. नव्या व्यापाराचा करार ठरला तो 24 डिसेंबर 2020 ला, आणि आठवड्याभरात तो लागूही झाला. तिथं लोकांना विचारलं पण यादी दाखवली नाही. इथं यादी तयार होत होती, आणि आपल्याला कुणी विचारलं नाही. केरळचं तर त्याहून वेगळं. आसियानबरोबरच्या करारावर सही 13 ऑगस्ट 2009 ला झाली, आणि रबर-मिरीवाल्यांसाठी डाव्या पक्षांनी केरळभर मानवी साखळी धरली ती 2 ऑक्टोबरला. सही वाळून गेली होती.

घटनेप्रमाणे शेती हा राज्याचा विषय आणि परदेशाशी व्यापार केंद्राचा. करारावर सही करायला संसदेची आधी मंजुरी लागतेच असं नाही. मग दुधाचा, मक्याचा, कांद्याचा विचार सहीच्या टेबलावर कोण मांडणार? बोलणी करणाऱ्यांनी आपले सगळे पत्ते उघडे टाकावेत असं माझं म्हणणं नाही, सौदा करताना थोडं झाकावं लागतं हे बैलबाजारात जाणाऱ्यालाही कळतं. पण शेतमालाच्या ओळी तेवढ्या वेगळ्या काढून राज्याच्या विधानसभेत ठेवा. जिल्हा दूध संघांना, बाजार समित्यांना दोन महिने आधी मराठीतून पाठवा. हे अशक्य नाही. ब्रिटनशी 24 जुलै 2025 ला आपण करार केला, त्यात दुधाचे पदार्थ बाहेर ठेवले. ऑस्ट्रेलियाशी 2022 मध्ये केला, त्यातही ठेवले. म्हणजे दिल्लीत ऐकलं जातं, आवाज वेळेवर पोचला तर. न्यूझीलंडशी आपली वेगळी बोलणी मार्च 2025 मध्ये पुन्हा सुरू झाली. अमेरिकेशी 2025 मध्ये चाललेल्या बोलण्यांत मका आणि दूध दोन्ही होते. तेव्हा ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर, गटारी आणि पाणीपुरवठ्याबरोबर, हा एक विषय लेखी घ्यायला सांगा. ग्रामसेवक म्हणतील हा आपल्या अधिकारातला विषय नाही. नसू द्या. ठराव करायला आणि तो खासदारांकडे पाठवायला कुणी अडवत नाही.

वेळ संपत आल्याची खूण झाली. कापसाचं बोलायचं राहिलंच. ऑगस्ट 2025 मध्ये कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क उठवलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून 31 डिसेंबरपर्यंत. म्हणजे आपला कापूस घरात यायच्या ऐन वेळी. सूतगिरण्यांना स्वस्त रुई हवी, तीही खरी गरज आहे, पण त्याचं क्विंटलमागचं गणित दोन मिनिटांत मांडता येणार नाही. तुमच्या गावात कुणी ते मांडलं असेल तर ते कागदावर लिहून तालुक्याला आणा, मार्केट कमिटीत आपण बसून पाहू.