मनाची विद्या आणि व्यापाराची विद्या



मानसशास्त्र घेऊन बी. ए. झालेली मुलगी ‘आतां मला व्यवस्थापनशास्त्र शिकावयाचें आहे’ असें म्हणूं लागली, कीं पुष्कळ घरांत चिंता उत्पन्न होते. मनाची विद्या एकीकडे, बाजाराची दुसरीकडे. पहिलीं तीन वर्षें फुकट गेलीं, असा निर्वाळा देऊन वडील माणसें मोकळीं होतात. हा निर्वाळा कितपत योग्य आहे, याचा विचार आज आपण करूं.

या दोन विद्यांचा स्नेह कांहीं आजचा नव्हे. लाइप्झिग येथें वुंट या आचार्यांपाशीं शिकलेले वॉल्टर डिल स्कॉट यांनीं सन १९०३ मध्यें जाहिरातशास्त्रावर ग्रंथ लिहिला. त्याच गुरूंचे दुसरे शिष्य ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांनीं ट्राम हांकण्यास योग्य मनुष्य कसा निवडावा, याचे प्रयोग केले.

आपल्या शेजारच्या अहमदाबादचें उदाहरण तर अधिक बोलकें आहे. श्रीमती कमला चौधरी यांनीं मिशिगन विद्यापीठांत सामाजिक मानसशास्त्राची डॉक्टरेट मिळविली आणि ‘अटिरा’ या वस्त्रोद्योग-संशोधन संस्थेंत गिरणीकामगारांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास केला. पुढें सन १९६१ मध्यें इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट तेथें निघाली, तेव्हां तिच्या अगदीं पहिल्या अध्यापकांत त्या होत्या.

त्याच शहरांतील कॅलिको गिरणींत सन १९५३ मध्यें लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस आले. स्वयंचलित माग बसवूनही उत्पादन अपेक्षेप्रमाणें वाढत नव्हतें. एकाच मागाशीं अनेकांचा संबंध, परंतु पुरी जबाबदारी कोणा एकाचीहि नाहीं, अशी कामाची वांटणी झाली होती. लहान टोळ्या करून प्रत्येकीकडे ठराविक माग सोंपविले. उत्पादन वाढलें व कापडांतील दोष उणावले. जमाखर्चाच्या वहींत न दिसणारी गोष्ट मनुष्यस्वभावाच्या अभ्यासानें उमगली ती अशी.

आतां व्यवसायांकडे वळूं. कर्मचाऱ्यांची निवड, त्यांचें शिक्षण व तक्रारनिवारण हें एक क्षेत्र. ग्राहकांच्या आवडीनिवडींचें संशोधन आणि जाहिरात हें दुसरें. संस्थांना सल्ला देणें हें तिसरें. मोबाइलवरील सेवा वापरतांना मनुष्य कोठें अडतो व कां अडतो, हें शोधण्याचें चौथें क्षेत्रहि उघडलें आहे. मनुष्य पैशाचे निर्णय नेहमीं हिशेबानें घेत नाहीं, हें दाखविणारे मानसशास्त्रज्ञ डॅनिएल काहनेमन यांना सन २००२ मध्यें अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें, यावरून या अभ्यासाची योग्यता कळेल.

व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर वर्गांत ठराविक गुण मिळविलेल्या कोणत्याहि शाखेच्या पदवीधरास प्रवेशपरीक्षा देऊन जातां येतें. मुंबईची जमनालाल बजाज संस्था किंवा मनुष्यबळाच्या शिक्षणासाठीं नांवाजलेली जमशेदपूरची एक्स. एल. आर. आय. यांची दारें अशा मुलीस बंद नाहींत. खरी धास्ती असते ती गणिताची. परंतु सरासरी, विचलन, सहसंबंध हे विषय तिनें मानसशास्त्रांतच अभ्यासिलेले असतात. जमाखर्च मात्र नव्यानें शिकावा लागेल. त्याची तयारी आधींपासून करावी. शक्य झाल्यास वर्ष-दोन वर्षें नोकरीहि करावी, म्हणजे वर्गांतील उदाहरणें निर्जीव वाटत नाहींत.

शाळामास्तराच्या संवयीनें एक धोकाहि सांगतों. मुलीची ओढ दुःखी मनावर उपचार करण्याची असेल, तर हा रस्ता तिचा नव्हे. चिकित्सक मानसशास्त्रज्ञास निराळें शिक्षण आणि भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी लागते. व्यवस्थापनाच्या पदवीनें तो अधिकार येत नाहीं. पगाराच्या आंकड्याकडे पाहून आईबापांनीं तिला या वाटेला लोटलें, तर दोन्ही विद्या वाया जातील.

शिवाय मन जाणण्याची विद्या दुधारी आहे. तिनें गिऱ्हाइकाची गरज ओळखतां येते, तशी त्याची दुर्बलताहि हेरतां येते. कामगाराचा शीण हलका करतां येतो आणि त्याला गोड बोलून राबवितांहि येतें. म्हणून घरांत विचारावयाचे प्रश्न दोन: तुला काय आवडतें, आणि जें शिकशील तें कोणाच्या हिताकरितां वापरशील? या दोहोंचीं उत्तरें मुलीपाशीं असतील, तर वडील मंडळींनीं निःशंक मनानें आशीर्वाद द्यावा.